समुद्रकाठी उतरायचे कोठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एक तरी भाषण घरी नेऊन वापरता येईल असे असावे, असे ह्या वर्षी कार्यकारिणीने ठरविले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. विषय मात्र माझ्या आवडीचा मिळाला. मुलांच्या परीक्षा संपल्या किंवा दिवाळीचा फराळ डब्यात भरला, की आपल्या बहुतेक घरांतून एकच वाक्य निघते, "चार दिवस समुद्रावर जाऊ या." वाक्य कोणाच्याही तोंडून निघो, पुढची कामे कोणाकडे येतात हे आपण सर्वजणी जाणताच. गाडी कोणत्या घाटाने न्यायची ते यजमान ठरवितात, पोहण्याचा तलाव हवा की नको ते मुले ठरवितात, आणि औषधे, जादा पंचे, सासूबाईंची उशी व वाटेतल्या दशम्या ह्यांचा विचार आपण करतो. परतल्यावर "कशी झाली सहल?" असे कोणी विचारले की "मुलांनी फार मजा केली" असे आपण सांगतो. आपली स्वतःची काय मजा झाली, हे कोणी विचारीत नाही आणि आपणही सांगत नाही.

म्हणून उतरण्याची जागा कशी निवडावी ह्याचा आज मी विचार करणार आहे तो एका बाजूने. त्या जागेत गेल्यावर घरातल्या बाईचे हात मोकळे राहतात की नाही, आणि मुले-म्हातारी माणसे सुखरूप राहतात की नाही? बाकीच्या गोष्टी, म्हणजे पडदे कसे होते आणि बागेत कारंजे होते का, त्या मी सोडून देणार आहे.

आपण पुण्याची माणसे, तेव्हा समुद्र म्हणजे कोकणचा. दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोलीजवळचे मुरूड, गुहागर, वेळणेश्वर, गणपतीपुळे आणि खाली मालवणाजवळचे तारकर्ली, एवढी गावे आज डोळ्यांपुढे धरू. ह्यांतल्या मुरुडाबद्दल आधीच एक सांगते. मुरुडे दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ, आणि दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात, महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे गाव. मोबाईलवर खोली घेताना जिल्हा पाहून घ्यावा. दोहोंच्या मध्ये खाड्या आहेत. दराच्या बाबतीत, एका खोलीला रात्रीला साधारण दोन ते पाच हजार रुपये, ह्याला मी मध्यम म्हणते. ह्याच्या वरच्या जागांचे कौतुक करायला माणसे पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट "समुद्रकाठी" ह्या शब्दाची. जाहिरातीतल्या इतर कोणत्याही शब्दापेक्षा हा शब्द अधिक लवचिक आहे. माझ्या नणंदेने एका ठिकाणी "समुद्रदर्शनी खोली" म्हणून जादा पैसे भरले होते. खोलीच्या खिडकीतून शेजारच्या घराचे वाळत घातलेले कपडे दिसत. समुद्र कोठे आहे म्हणून विचारले तेव्हा व्यवस्थापक तिला गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेला, आणि तेथून माडांच्या शेंड्यांमधून एक निळी रेघ दाखविली. नणंदेचा स्वभाव तुम्हांला ठाऊक नाही. जादा घेतलेले पैसे तिने परत मिळविले, पण त्या भांडणात अर्धा दिवस गेला.

असे का होते, ह्याला थोडेसे कायद्याचेही कारण आहे. १९९१ साली केंद्र सरकारने किनाऱ्याच्या रक्षणासाठी एक अधिसूचना काढली. तिने भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमांखाली आणला, आणि खेड्यापाड्यांच्या किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम बहुतांशी बंद केले. २०१९ च्या नव्या नियमांत दाट वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा ५० मीटरांपर्यंत खाली आणली आहे. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा, की अगदी वाळूला लागून असलेली जागा ही बहुधा जुनी असते. जुने घर, जुनी वाडी, नाहीतर पूर्वी बांधलेले विश्रामस्थान. नवी कोरी चार मजली इमारत "वाळूवरच आहे" असे कोणी सांगू लागले, तर आपण दोन प्रश्न जादा विचारावेत.

ते प्रश्न असे. खोलीपासून वाळूपर्यंत म्हाताऱ्या माणसाच्या चालीने किती मिनिटे लागतात? वाटेत वाहनांचा रस्ता ओलांडावा लागतो का? आणि ओहोटीच्या वेळी पाणी किती लांब जाते? "किती मीटर" असे विचारू नये. मीटर सांगताना माणसे उदार होतात, मिनिटे सांगताना जरा अडखळतात. शिवाय मोबाईलच्या नकाशात वरून काढलेले छायाचित्र पाहता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला पाच मिनिटे बसवावे, तो इमारत आणि वाळू ह्यांमधले अंतर मोजून देतो.

आता जागांचे प्रकार पाहू. पहिला प्रकार महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांचा. हे महामंडळ १९७५ साली स्थापन झाले, त्यामुळे किनाऱ्यावरच्या उत्तम जागा त्याला लवकर मिळाल्या. गणपतीपुळ्याचे निवासस्थान देवळाजवळ, समुद्राच्या काठालाच आहे. तारकर्लीचे सुरूच्या झाडांत आहे. पायऱ्या उतरल्या की पायाला वाळू लागते. ह्या जागांचे खरे वैभव म्हणजे मोकळे आवार. मुले सकाळपासून झाडांखाली खेळतात आणि "शांत बसा, शेजारचे रागावतील" असे दर दहा मिनिटांनी म्हणावे लागत नाही. पण अशा पसरलेल्या आवारात खोली आणि भोजनगृह ह्यांत अंतर असते, आणि जेवणाला ठरलेली वेळ असते. गुडघे दुखणारे माणूस बरोबर असेल, तर आरक्षणाच्या वेळीच "भोजनगृहाजवळची, तळमजल्याची खोली" असे स्पष्ट सांगून ठेवावे. वेळणेश्वरचे निवासस्थान उंचावर आहे. तेथून समुद्र फार सुरेख दिसतो, पण दिसणारा समुद्र आणि पाय बुडविण्याचा समुद्र हे दोन वेगळे. दिवसातून दोनदा चढ चढणे ज्यांना मानवते त्यांनी अवश्य जावे.

दुसरा प्रकार माझ्या विशेष आवडीचा, आणि त्यावर मी जरा अधिक बोलणार आहे. तो म्हणजे वाडीतले घर. गुहागरचा मुख्य रस्ता समुद्राला समांतर जातो. रस्त्याच्या पश्चिमेला घर, घरामागे माडा-पोफळींची वाडी, वाडीच्या टोकाला बेडे, आणि बेड्याबाहेर वाळू. दिवेआगरला गाव आणि किनारा ह्यांच्यामध्ये सुरूचा पट्टा आहे. दापोलीच्या मुरुडातही अशा वाड्या आहेत. ह्या घरांतून दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या असतात, आणि जेवण घरचे असते. "निवास व न्याहरी" नावाची योजना आहे, तिच्यात नोंदलेली घरेही पुष्कळ सापडतात.

येथे एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर ह्या बाजूच्या वाड्या अक्षरशः आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला कित्येक वर्षे जातात, नारळालाही तसेच. तेव्हा वाडीवर चालणाऱ्या घरांना त्यानंतर पाहुण्यांचे उत्पन्न हाच मोठा आधार झाला. आपण दिलेले पैसे अशा घरात जातात तेव्हा ते योग्य ठिकाणी पडतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पण भगिनींनो, ह्या घरांत गेल्यावर एक भान ठेवले पाहिजे. तेथे आपले हात मोकळे होतात ते दुसऱ्या एका बाईचे हात गुंतलेले असतात म्हणून. वीस माणसांची न्याहारी, वीस माणसांचे दोन वेळचे जेवण, शिवाय चहा, आणि बहुतेक ठिकाणी हे सारे घरची वहिनी आणि हाताखालच्या एक-दोन बाया उरकतात. तेव्हा सकाळीच जेवणाऱ्या पानांचा आकडा सांगावा. उपास असेल तर आदल्या दिवशी सांगावे. रात्री साडेदहाला "जरा चहा मिळेल का?" असे पुरुषमंडळी म्हणू लागली, की आपणच त्यांना डोळ्यांनी गप्प करावे. उकडीचे मोदक हवे असतील तर ते आयत्या वेळी मागण्याचे पक्वान्न नव्हे, हे मोदक वळणाऱ्या आपल्याला सांगायला नको. मोदक किती वळावे लागतात ते ठाऊक असूनही "आणखी चार आणा" म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. असो. दरात घासाघीस करायची असेल तर ती खोलीच्या भाड्यात करावी, पानाच्या दरात करू नये.

तिसरा प्रकार नव्या हॉटेलांचा. पोहण्याचा तलाव, खोलीत वातानुकूलन, मुलांसाठी झोपाळे-घसरगुंड्या. ही बहुधा किनाऱ्यापासून थोडी आत असतात, आणि तसे असण्यात काही गैर नाही. फक्त तलावाचे आकर्षण फार जबर असते. मुले तीन दिवस त्या निळ्या पाण्यातून बाहेर निघत नाहीत आणि समुद्र संध्याकाळी फोटोपुरता उरतो. तलावच हवा तर तो आपल्या गावातही आहे, त्याला घाट उतरायची जरुरी नाही. मात्र एक गुण मान्य केला पाहिजे. अंघोळघर, पाणी, वीज ह्या बाबतींत नवी हॉटेले पुष्कळदा वाडीतल्या घरांपेक्षा सरस असतात. घरात पक्षाघातातून उठलेले किंवा शस्त्रक्रिया झालेले माणूस असेल, तर मी स्वतः वाडीचा मोह सोडून अशा हॉटेलात जाईन.

चौथा प्रकार मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्याबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे. स्वयंपाकघरासकट भाड्याने मिळणारे घर. जाहिरातीत शेगडी, भांडी, शीतकपाट असे सर्व असते, आणि घरातले हिशेबी माणूस लगेच म्हणते, "बघ, जेवणाचा केवढा खर्च वाचेल!" हा हिशेब आपण एकदा कागदावर करू. समजा, पाच माणसांचे कुटुंब आहे. वाडीतल्या घरी न्याहारी आणि दोन वेळची पाने मिळून दिवसाला २००० रुपये झाले, आणि स्वतः रांधले तर शिध्याला ७०० रुपये लागले. म्हणजे दिवसाला १३०० आणि तीन दिवसांत ३९०० रुपये वाचले. आता दुसऱ्या रकान्यात लिहा, तीन न्याहाऱ्या, सहा जेवणे आणि चहा किती वेळा ते मोजूच नका. परक्या गावात कोथिंबीर शोधणे, बोथट सुरी, झाकण न बसणारा कुकर, आणि जेवणानंतरची भांडी. माझ्या जाऊबाई अशा एका घरी पाच दिवस राहून आल्या. समुद्र कसा होता म्हणून मी विचारले, तर म्हणाल्या, "आवाज छान यायचा." ३९०० रुपये वाचले म्हणताना ते कोणाच्या पाठीतून वाचले हेही हिशेबात लिहिले पाहिजे. तान्हे मूल असेल, कोणाचे पथ्य असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दूध तापवायला आणि खिमट करायला शेगडी पाहिजेच. परंतु ती सोय घरमालकिणीला विचारून तिच्या स्वयंपाकघरातही होते, आणि ती कधी नाही म्हणत नाही असा माझा अनुभव आहे.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. मासे खाणाऱ्या मंडळींनी लक्षात ठेवावे, की आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनी मासेमारी करण्यास बंदी असते. त्या दिवसांत ताटात आलेला मोठा मासा बहुधा बर्फातला असतो. तसाही पावसाळ्यातला समुद्र पाहण्याचा असतो, उतरण्याचा नव्हे. सहकुटुंब जाण्यास नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सुखाचा. मे महिन्यात आंबे असतात, पण दुपारी बारा ते चार खोलीबाहेर पाऊल ठेववत नाही, आणि त्या चार तासांत मुलांना काय करावे हा प्रश्न समुद्र सोडवीत नाही. शाकाहारी कुटुंबांनी "शाकाहारी मिळेल का" असे न विचारता "तुमच्याकडे स्वयंपाक वेगळा होतो का" असे विचारावे. ज्यांना त्याचे महत्त्व वाटते त्यांना ह्या दोन प्रश्नांतला फरक कळतो.

खोलीच्या आतले पाहू. फोटोत नेहमी पलंग दाखवितात. मी मोरीचा फोटो मागते. मागितला की पाठवितात, लाज वाटण्याचे कारण नाही. अंघोळघराच्या दाराशी उंच उंबरा आहे का, फरशी गुळगुळीत आहे का, संडास कमोडचा आहे का आणि शेजारी धरायला काही आहे का, एवढे त्या एका फोटोत दिसते. सासूबाई पडल्या तर सहल तेथेच संपते, आणि पुढचे तीन महिने काय होते ते ह्या सभागृहात पुष्कळजणींनी भोगले आहे. बाहेर अंगणात पाय धुवायला नळ असावा. नसेल तर वाळू अंथरुणापर्यंत येते, आणि ती झाडणारी व्यक्ती कोण असते ते सांगायला नको. ओले कपडे वाळत घालायला दोरी आहे का, हेही विचारावे. किनाऱ्याच्या दमट हवेत वातानुकूलित खोलीत पंचे तिसऱ्या दिवशीही ओलेच राहतात. वीज गेल्यास पंखा चालू राहील का, आणि रात्री मच्छरदाणी मिळेल का? कोकणात हे दोन प्रश्न श्रीमंत-गरीब सर्व हॉटेलांत विचारण्यासारखे आहेत.

आता समुद्र. ह्यावर मला घाईने बोलायचे नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी जंजिऱ्याजवळच्या मुरुडाला पुण्याहून गेलेल्या सहलीतले चौदा विद्यार्थी बुडाले. ती तरुण, धडधाकट मुले होती. आपल्या घरून निघालेली मुले होती. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला इतका मोहक, पण तेथे पाण्यात उतरू नये म्हणून सूचना लावलेल्या असतात आणि तरीही दरवर्षी माणसे त्या वाचून पुढे जातात. किनाऱ्यावर आलेले पाणी परत फिरताना कोठे कोठे अरुंद वाटेने जोरात आत ओढले जाते. नेमक्या त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून तो भाग शांत वाटतो आणि माणूस तेथेच उतरतो. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून धडपडू नये, दम जातो. किनाऱ्याला समांतर, आडवे सरकावे आणि ओढ सुटली की मग बाहेर यावे. हे मुलांना पाण्यात उतरण्यापूर्वी, कोरड्या वाळूवर उभे करून, रेघ ओढून दाखवावे. आणि बुडणाऱ्यामागे न पोहणाऱ्याने उडी टाकू नये. आया टाकतात, म्हणून सांगते. दोर, रिकामा डबा, फुगविलेली ट्यूब, हाताला येईल ते फेकावे आणि आरडाओरड करून गावकऱ्यांना बोलवावे.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक आपल्या घरच्या पंचांगात असते, हे पुष्कळजणींना ठाऊक नसेल. कोकणात जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, आणि ती भरती उधाणाची, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते व तितकेच खाली जाते. ह्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून तेथे गेल्यावर गावातल्या माणसाला विचारावेच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ओहोटी लागली, पाणी परतू लागले, की मुलांना बाहेर काढावे.

ह्याचा उतरण्याच्या जागेशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. फार आहे. सकाळच्या चहाबरोबर "आज अमुक वाजता पाणी परतेल, त्या काळ्या दगडांच्या बाजूला जाऊ नका" असे जो मालक आपण होऊन सांगतो, त्याच्या घराचे भाडे दोनशे रुपये जास्त असले तरी ते देऊन तेथे राहावे. खोली घेण्यापूर्वी दूरध्वनीवर मी एक प्रश्न नेहमी विचारते, "आपल्या समोरच्या पाण्यात मुलांना उतरविता येते का?" जो "हो हो, काही काळजी नाही" म्हणतो त्याच्याकडे मी जात नाही. जो "केव्हा येणार? कोणत्या तिथीला?" असे उलट विचारतो, त्याच्याकडे जाते.

आणि आणखी एक, जे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. घरात दोन ते सात वर्षांचे मूल असेल, तर अगदी वाळूवरची खोली मी घेणार नाही. दार उघडले की समुद्र, हे नव्या जोडप्याला काव्य आहे. आईला ती चार दिवसांची राखण आहे. एक डोळा पानावर आणि एक डोळा दारावर. वाडीच्या टोकाला कडी असलेले बेडे हवे, मुलाच्या हाताला न पोचणारी कडी. पाच मिनिटे चालून समुद्रावर जावे, दोन तास मनसोक्त खेळावे, आणि परत येऊन बेड्याला कडी घालावी. मग आपण ओटीवर पाय पसरून बसू शकतो.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पावतीवर जुना आकडा दिसला तर विचारावे. जेवणाच्या बिलात आपोआप "सेवा शुल्क" लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैत सांगितले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. वाढणाऱ्या मुलाच्या हातावर आपल्या खुशीने काही ठेवावे, ती गोष्ट निराळी. मुलाचे वय किती असले म्हणजे पूर्ण पैसे, जादा गादीचे किती, आणि कोणी आजारी पडून जाणे रद्द झाले तर किती परत मिळतील, हे तीन खुलासे लेखी घ्यावेत. मोबाईलवर आलेला निरोपही लेखीच असतो, तो पुसू नये. नाताळ ते नववर्ष आणि शनिवार-रविवारला जोडून आलेल्या सुट्या ह्यांत दर चढतात व सेवा उतरते. मंगळवार ते शुक्रवार गेल्यास त्याच पैशांत तोच किनारा निम्मा रिकामा मिळतो.

मग जावे कोठे, असे चहाच्या वेळी तुम्ही विचारणारच, म्हणून आताच सांगते. सासूबाई आणि लहान मुले असतील तर मी दिवेआगर निवडीन. ताम्हिणीने उतरले की सकाळी निघून जेवायला पोचता येते, आणि वाडीतली तळमजल्याची खोली सहज मिळते. थोडा लांबचा प्रवास चालत असेल तर गुहागर. दोन-तीन कुटुंबे मिळून दहा-पंधरा माणसे असतील तर गणपतीपुळ्याला महामंडळाचे आवार सोयीचे पडते. देवदर्शन होते, आणि जवळच मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे, तेथे शाळकरी मुलांना अवश्य न्यावे. पाण्यात मात्र घोट्यापलीकडे जाऊ नये. मुले मोठी, कॉलेजातली असतील तर तारकर्ली, तेथे सिंधुदुर्ग किल्ला आहे आणि प्रशिक्षित माणसांबरोबर पाण्याखाली जाण्याचीही सोय आहे. अंतर फार आहे, चार रात्री तरी पाहिजेत. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांतून जाते. ओहोटीलाच जावे, आणि म्हाताऱ्या माणसांनी देवळातूनच हात जोडावेत. आणि ज्यांची मुले निसर्गाच्या नादाची आहेत त्यांनी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जावे. नाना फडणविसांचे हे गाव. तेथे समुद्री कासवांची पिले वाळूतून निघून पाण्याकडे जाताना दिसतात. राहणे गावकऱ्यांच्या घरी, जेवण त्यांच्या पंगतीत. तेथे हॉटेलाच्या सोयी मागू नयेत, मिळणार नाहीत, आणि मुलांना त्यांची आठवणही होत नाही.

शेवटी मंडळाच्या कामाची एक गोष्ट. आपल्या वाचनालयाच्या कपाटात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. जी भगिनी समुद्रावर जाऊन येईल तिने त्यात एक पान लिहावे: गाव, जागा, भाडे, वाळूपर्यंतची मिनिटे, मोरीची स्थिती, बेड्याला कडी होती की नाही, आणि आपण स्वतः दिवसाकाठी किती वेळ निवांत बसलो. शेवटचा आकडा खरा लिहावा. पहिली तीन पाने मी भरली आहेत. वहीची किल्ली चिटणीसबाईंकडे आहे, बुधवारी आणि शनिवारी चार ते सहा.